सरासरीच्या जागी दरी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचं गरम पाण्याचं कारंजं आहे. ते उसळतं, काही मिनिटांत शांत होतं आणि तास-दीड तासाने पुन्हा उसळतं. त्याच्या २७२ उसळ्यांची एक नोंद संख्याशास्त्र शिकणाऱ्या अनेकांच्या हाताखालून जाते. प्रत्येक ओळीत दोनच आकडे: कारंजं किती मिनिटं उडालं, आणि पुढच्या उसळीसाठी किती मिनिटं वाट पाहावी लागली.

उडण्याच्या वेळेची सरासरी येते सुमारे ३.४९ मिनिटं. आता दहावीत काढायचो तसा आयतालेख काढा. दीड मिनिटापासून पुढे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे वर्ग पाडले की वारंवारता अशी दिसते: ५१, ४१, ५, ७, ३०, ७३, ६१, ४. दोन डोंगर आणि मधे खोल दरी. सरासरी नेमकी त्या दरीत, ३ ते ३.५ च्या वर्गात पडते आणि तिथे २७२ पैकी जेमतेम ७ उसळ्या आहेत!

वर्ग दोन-दोन मिनिटांचे केले तर? ० ते २, २ ते ४, ४ ते ६. स्तंभ येतात ५१, ८३ आणि १३८. दरी बुजली, उरल्या चढत्या पायऱ्या. आकडे मात्र तेच. शाळेत वर्गांतर गणितातच दिलेलं असतं, त्यामुळे ते आपण निवडायचं असतं हे मनावर ठसतच नाही. मला हे फार खटकतं. मी एकाच माहितीचे निदान तीन आयतालेख काढून पाहते.

बॉक्स प्लॉट, म्हणजे मधले निम्मे आकडे एका पेटीत दाखवणारा आलेख, बरेच गट शेजारी मांडायला उत्तम, पण इथे तो कामाचा नाही. त्याची पेटी साधारण २.२ ते ४.५ मिनिटांपर्यंत पसरते आणि दरी तिच्या पोटात झाकली जाते.

सगळ्यात बोलका निघतो तो बिंदूंचा आलेख. आडव्या अक्षावर उडण्याचा वेळ, उभ्या अक्षावर वाट पाहण्याचा. बिंदूंचे दोन पुंजके पडतात. दोनेक मिनिटांच्या छोट्या उसळीनंतर पन्नास-साठ मिनिटं, साडेचार मिनिटांच्या मोठ्या उसळीनंतर ऐंशीच्या आसपास. मोठ्या उसळीत पाणी जास्त बाहेर पडतं, मग जमिनीखालच्या पोकळ्या भरून पाणी पुन्हा तापायला वेळ लागतो. म्हणूनच कारंजं उडत असताना उद्यानातले कर्मचारी घड्याळ लावून बसतात आणि त्यावरून पुढच्या उसळीची वेळ पर्यटकांना सांगतात.