खाणीपासून घर किती लांब हवं? मोजमाप काठापासून नको, तळापासून हवं

वाळू-गोट्यांच्या खाणीशेजारी राहणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘हा कडा इतकी वर्षं ताठ उभा आहे, आता कशाला कोसळतोय?’ मला या वाक्याची खरोखर धास्ती वाटते. कडा आज कशाच्या जोरावर उभा आहे, हे त्यातून कळतच नाही.

वाळूला आणि गोट्यांना स्वतःचा चिकटपणा नसतो. कोरडी वाळू ओतत राहा, ढिगाचा उतार ३० ते ३५ अंशांच्या वर चढत नाही. खडबडीत, टोकदार गोट्यांचा ढीग ४० अंशांच्या आसपास जाईल. दाणा दाण्यावर घासतो, एवढंच त्यांचं बळ. घर्षणाचा विरोध दाबाच्या प्रमाणात वाढतो, हे शार्ल कुलोंब या फ्रेंच अभियंत्याने १७७३ मध्येच मातीच्या दाबाच्या गणितात वापरलं होतं.

मग जवळजवळ उभा कडा टिकतो कसा? दोन दाण्यांच्या सांध्यात पाण्याचा बारीकसा थेंब अडकलेला असतो. त्याचा पृष्ठताण दाण्यांना एकमेकांकडे ओढतो. किनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला याच ओढीवर उभा राहतो. पण हे बळ उसनं आहे. वाळू पूर्ण सुकली की ते जातं आणि पूर्ण भिजली तरी जातं. काही जुन्या थरांत चुन्याने किंवा चिकणमातीने दाणे खरोखर सांधलेले असतात. तिथे कडा जास्त काळ तग धरतो. तरी हवा-पाण्याने तोही बंध झिजतो.

आता पाण्याकडे येऊ. पाणी वंगणासारखं काम करतं आणि माती निसरडी होते, असा सर्रास समज आहे. खरं कारण वेगळं आहे. दाण्यांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की त्याचा दाब दाण्यांना एकमेकांपासून सुटं करू पाहतो. घर्षण दाण्यांच्या परस्परदाबावर अवलंबून असल्यामुळे तेही तेवढंच घटतं. ऑस्ट्रियन अभियंते कार्ल तेर्झागी यांनी विसाव्या शतकात मांडलेलं ‘परिणामी दाबा’चं हे तत्त्व मला मृदा-यांत्रिकीतलं सर्वांत देखणं तत्त्व वाटतं.

आकड्यांत पाहू. समजा, घर्षणाचा कोन, म्हणजे कोरडे दाणे ज्या उतारापर्यंत घसरत नाहीत तो कोन, ३६ अंश आहे. उतार २ मीटर आडवा, १ मीटर उभा, म्हणजे सुमारे २७ अंशांचा. सुरक्षा गुणांक म्हणजे धरून ठेवणारं बळ खाली ओढणाऱ्या बळाच्या किती पट आहे ते. कोरडा असताना तो दोन्ही कोनांच्या टॅनजंटचा भागाकार : ०.७३ भागिले ०.५, म्हणजे जवळपास १.४५. कायमच्या उतारासाठी साधारण १.५ मागतात, म्हणजे हा जरासा कमीच. आता तोच उतार पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर झिरपू लागलं, तर विरोध जवळपास निम्म्यावर येतो. गुणांक ०.७३! एकच्या खाली गेला की उतार टिकत नाही. गंमत म्हणजे हाच उतार स्थिर पाण्यात बुडालेला असेल, तर गुणांक कोरड्याइतकाच राहतो, कारण खाली ओढणारं वजन आणि धरून ठेवणारं घर्षण दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. म्हणजे घात करतं ते वाहणारं पाणी. तळ्यासारख्या भरलेल्या खाणीतून पाणी झपाट्याने उपसलं, तर काठातलं पाणी मागे राहतं आणि बाहेर झिरपू लागतं. गोट्यांमध्ये चिकणमातीचा पातळ थर असेल तर तो निचरा आणखी अडवतो. कडा अशा वेळी ढासळला की काहीजण भूमीच्या कोपाची भाषा बोलतात. कोप कसला, कारण तर पंपाच्या नोंदवहीत सापडेल.

सुरक्षित अंतराचा हिशेब इथूनच सुरू होतो. खाण २० मीटर खोल आणि कडा उभा आहे असं धरा. २ : १ चा उतार गाठेपर्यंत माथा ४० मीटर मागे सरकेल. म्हणजे आज काठापासून २५ मीटरवर असलेलं घर भविष्यातल्या उताराच्या आतच उभं आहे! म्हणून खाणीच्या तळापासून टिकाऊ कोनाची रेषा वर काढायची, ती जमिनीला जिथे मिळेल तो खरा काठ. मोकळा पट्टा त्याच्या पलीकडे. तळाशी पाझर असेल तर २ : १ देखील कमी पडतो, रेषा आणखी सपाट घ्यावी लागते. खाण पुढे खोल करायची असेल, तर आजची खोली धरून चालत नाही, शेवटची धरावी लागते.

काठावर झाडं लावून हे अंतर कमी करता येत नाही. मुळं बहुधा वरच्या एक-दोन मीटरमध्येच असतात आणि खोल घसरण त्यांच्या खालून जाते. काठाला समांतर भेग दिसली किंवा पायथ्याशी पाझरणाऱ्या पाण्याबरोबर बारीक वाळू येऊ लागली, तर पायथा खोदणं आणि माथ्यावर ढीग रचणं त्याच दिवशी थांबवायला हवं.