परदेशी सहलीत ‘एक्स्पो’ आला कुठून?

२०२५ साली एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान जपानला निघालेल्यांपुढे एक जादा प्रश्न होता: ओसाकाच्या ‘एक्स्पो’साठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी, एक दिवस काढायचा की तोच दिवस क्योतोला द्यायचा? सहलीत प्रदर्शन घुसवायचं हे अनेकांना नवीन खूळ वाटलं. इतिहास मात्र उलटा आहे. आज जिला आपण पॅकेज टूर म्हणतो, ती प्रदर्शनाचं बोट धरूनच परदेशी गेली.

सुरुवात लंडनची. १ मे १८५१ रोजी हाइड पार्कमध्ये पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडलं. त्यासाठी लोखंड आणि काचेचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला होता. त्याचा आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. हा गृहस्थ मूळचा माळी, शिवाय मिडलंड रेल्वेचा संचालक. लेस्टरच्या थॉमस कुकला प्रदर्शनासाठी माणसं नेण्याच्या कामात ओढण्यात त्याचा हात होता. कुक दारूबंदीचा प्रचारक. १८४१ मध्ये तशाच एका सभेसाठी त्याने लेस्टरहून लफबरोला खास गाडी नेली होती. आता त्याने कामगारांना लंडन दाखवायचं मनावर घेतलं. आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि साठले की जायचं, असे क्लब निघाले, आपल्या भिशीसारखे. रेल्वे कंपन्यांत चढाओढ लागली आणि लीड्सहून लंडनचं जाऊन-येऊन भाडं पाच शिलिंगांवर घसरलं. एकट्या कुकने सुमारे दीड लाख माणसं नेली. प्रदर्शनाला एकूण साठ लाखांवर भेटी झाल्या.

या लोकांनी पाहिलं काय? यंत्रं, कापड, भारताच्या दालनात अंबारीसह पेंढा भरलेला हत्ती, आणि कोहिनूर. हा हिरा १८५० च्या एप्रिलमध्ये मुंबई बंदरातूनच ‘मेडिया’ जहाजावर चढवला गेला होता. प्रदर्शनात तो पिंजऱ्यात ठेवला. बघायला झुंबड उडाली, पण तो काही केल्या चमकेना. गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी लोक नाकं मुरडतच बाहेर पडत. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि १८६ कॅरटचा हिरा १०५ वर आला. त्यापेक्षा प्रवाशांच्या खऱ्या सोयीची गोष्ट म्हणजे जॉर्ज जेनिंग्जची स्वच्छतागृहं: एक पेनी द्या, आत जा. आठ लाखांहून अधिक लोकांनी पेनी मोजली. प्रदर्शनांच्या इतिहासात हिऱ्याला पानंच्या पानं मिळतात. पोराबाळांना घेऊन दिवसभर हिंडलेला माणूस मात्र जेनिंग्जच्या बाजूने मत देईल.

१८५५ मध्ये पॅरिसने प्रदर्शन भरवलं आणि कुकने आपली पहिली परदेशी सहल काढली. हार्विचहून अँटवर्प, ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाइनकाठ आणि शेवटी पॅरिस. म्हणजे ‘अमुक रात्री, तमुक शहरं’ हा साचा तेव्हापासूनचा! याच प्रदर्शनाचा एक धागा मुंबईत येतो. पॅरिसला पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे नमुने गोळा झाले, तसेच नमुने इथेही ठेवले गेले आणि त्यातून शहराचं संग्रहालय आकाराला आलं. आधी ते फोर्टातल्या बराकींत होतं. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांच्या खटपटीने राणीच्या बागेत त्याला स्वतःची इमारत मिळाली आणि १८७२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

पुढे या प्रदर्शनांना ऊत आला. १८८९ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवर झाला. त्याच प्रदर्शनात वसाहतींतल्या माणसांची ‘खेडी’ उभारून त्यांना बघ्यांपुढे बसवलं गेलं. आयफेलचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे वगळलं जातं. १८९३ च्या शिकागोत फेरिसचा महाकाय पाळणा होता, राजा रविवर्म्याची दहा चित्रं होती आणि त्याला जोडून झालेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद. जो तो देश प्रदर्शन भरवू लागला, तेव्हा १९२८ मध्ये पॅरिसला करार होऊन नियमन आलं. आता मोठा एक्स्पो पाच वर्षांतून एकदा आणि फार तर सहा महिने चालतो.

ओसाकाने तो पहिल्यांदा १९७० ला भरवला. सहा कोटी चाळीस लाख भेटी! अमेरिकेच्या दालनात चंद्रावरचा दगड होता आणि त्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. २०२५ चा एक्स्पो युमेशिमा या भराव घालून केलेल्या बेटावर झाला. दालनांसाठी आधी आरक्षण करा, नंबर लागला तर जा. माझं मत विचाराल तर तिथे चंद्रावरच्या त्या दगडाच्या तोलाची वस्तू नव्हती. बहुतेक देश भल्या मोठ्या पडद्यांवर स्वतःचीच जाहिरात करत होते, आणि ती घरबसल्या मोबाइलवरही दिसते. अपवाद वास्तुकार सोउ फुजिमोतोच्या लाकडी कड्याचा. परीघ सुमारे दोन किलोमीटर, वर चढून चालत फिरता येई आणि त्यासाठी आरक्षणाची कटकटही नव्हती.

यापुढचं सर्बियातल्या बेलग्रेडचं प्रदर्शन लहान, तीन महिन्यांचं: १५ मे ते १५ ऑगस्ट २०२७. आपल्या उन्हाळी सुट्टीचं शेपूट तेवढं त्यात सापडतं. रियाधचा मोठा एक्स्पो १ ऑक्टोबर २०३० ते ३१ मार्च २०३१. त्यात दिवाळीही बसते आणि नाताळही.