पुन्हा वापरायची की टाकून द्यायची: शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या खर्चाची पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेची उपकरणे पुन्हा वापरावीत की एकदा वापरून टाकून द्यावीत, हा प्रश्न कोकणातल्या रुग्णालयांत बहुधा खरेदीच्या वेळी निघतो आणि दोन किमती शेजारी ठेवून निकाली काढला जातो. या प्रश्नाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. उपकरणाच्या किमतीपेक्षा ते निर्जंतुक ठेवण्याचा खर्च कोण सोसतो आणि टाकाऊ, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तूचे बिल कोणाच्या नावावर पडते, यावरच निर्णय फिरत आला आहे.

जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये जंतू मारण्यासाठी कार्बोलिक ॲसिडचा वापर मांडला आणि 1879 मध्ये पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारे यंत्र, तयार केला. लाकडी किंवा हस्तिदंती मुठीची उपकरणे वाफेत टिकत नसल्यामुळे ती मागे पडून पूर्णपणे धातूची उपकरणे आली. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद बनवल्यावर तीच चिमटे-कात्री वर्षानुवर्षे वापरणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय चालत होते, तेव्हा टाकाऊ उपकरणांचा पर्याय जवळजवळ नव्हताच. धुणे, उकळणे, वाफ देणे हे काम रोजचे होते, पण त्याचा वेगळा हिशेब ठेवायची पद्धत नव्हती आणि ती उणीव आजही बऱ्याच ठिकाणी भरून निघालेली नाही.

एक आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, पुन्हा वापरण्याजोगा कसा होतो, ते पाहिले की हा न मोजलेला खर्च दिसू लागतो. रक्त वाळण्याआधी तो पाण्यात जावा लागतो, सांधा उघडून दातऱ्यांमध्ये ब्रश फिरवावा लागतो, मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून ट्रेमध्ये बांधावा लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला 15 पौंड दाब ठरलेला वेळ टिकला पाहिजे. ट्रेच्या बाहेर लावलेल्या दर्शक टेपवर काळे पट्टे उमटले, तरी त्यावरून ट्रेला उष्णता लागली एवढेच कळते. आतले उपकरण निर्जंतुक झाल्याची ती खात्री नव्हे. किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात खारेपण वाढते. त्यातले क्लोराइड पोलादावरचा संरक्षक थर फोडते आणि सांध्यापाशी तपकिरी ठिपके धरू लागतात. जंतू मारण्यासाठी हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) फार वेळ बुडवून ठेवल्यानेही हेच होते. त्यामुळे कंपनी सांगते तेवढे आयुष्य उपकरणाला किनाऱ्यावर मिळेलच असे धरून हिशेब मांडणे चूक आहे. विजेचेही तसेच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आल्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांत कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात होती. अशा वेळी ऑटोक्लेव्ह जनरेटरवर चालवायचा तर डिझेलचा खर्चही प्रत्येक सेटवर पडतो.

टाकाऊ वस्तू मोठ्या प्रमाणावर आल्या त्या इंजेक्शनच्या रूपाने. साल्क यांच्या पोलिओ लसीच्या 1954 मधील मोठ्या चाचणीसाठी एकदाच वापरायच्या काचेच्या सिरिंज पुरवण्यात आल्या. 1956 मध्ये न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी प्लॅस्टिकच्या सिरिंजचे पेटंट घेतले. बरेचसे प्लॅस्टिक वाफेत टिकत नाही ही अडचण गॅमा किरणांनी सोडवली आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा ट्रॉम्बे येथील आयसोमेड प्रकल्प 1974 पासून बंद पाकिटातल्या वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करू लागला. पुढे 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग आढळला, आणि त्या भीतीने उकळून पुन्हा वापरायची काचेची सिरिंज दवाखान्यांतून हद्दपार केली. ते योग्यच झाले. गुजरातमधील मोडासा येथे 2009 मध्ये हेपॅटायटिस-बीची जी साथ पसरली, तिच्या मुळाशी सिरिंज-सुयांचा पुनर्वापर होता.

या बदलाबरोबर खर्चाची जागाही बदलली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचा गाभा तोच आहे. ऑटोक्लेव्ह केलेल्या सेटचा खर्च ओटी चार्जमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या ठरलेल्या शुल्कात धरलेला असतो, त्यामुळे तो रुग्णालयाच्या अंगावर राहतो. हातमोजे, ब्लेड, टाक्यांचे दोरे, ड्रेप (रुग्णावर अंथरायची निर्जंतुक कापडे) यांची मात्र चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात पडते आणि ते समोरच्या मेडिकलमधून सामान आणतात. रुग्णालयाच्या वहीत टाकाऊ वस्तूची किंमत जवळजवळ शून्य दिसते, ती रुग्णाच्या घरातून गेलेली असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 1998 आणि 2016 च्या नियमांनी लाल-पिवळ्या पिशव्यांचा, वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च रुग्णालयावर टाकला, तेव्हा हा भार थोडाफार परत आला.

‘टाकाऊ म्हणजे सुरक्षित’ हे समीकरणही सरसकट खरे नाही. व्हीसीजेडी या मेंदूच्या रोगाचे प्रिऑन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिने) नेहमीच्या ऑटोक्लेव्हला दाद देत नाहीत, म्हणून इंग्लंडने जानेवारी 2001 मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरायची उपकरणे सक्तीची केली. त्यानंतर रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा वापरायच्या उपकरणांना परवानगी द्यावी लागली. एका दूरच्या संभाव्य संसर्गाला टाळताना हलक्या दर्जाच्या उपकरणाने समोरच्या रुग्णाचा धोका वाढवला. वास्तविक दोन टोकांमधला मार्ग फार जुना आहे: 1915 मध्ये मॉर्गन पार्कर यांनी मूठ कायम ठेवून फक्त पाते बदलायची स्काल्पेल (शस्त्रक्रियेची सुरी) काढली होती, आणि आजही ती ओटीत सर्रास वापरली जाते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनी हा पेच अधिक अवघड केला. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये जे. जे. रुग्णालयात पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ही पद्धत देशभर पसरली आणि तिच्यासोबत एकदाच वापरायचे महागडे ट्रोकारही (दुर्बीण व उपकरणे पोटात घालण्याच्या नळ्या) आले. अशातच 2012 मध्ये राज्याची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात रायगडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती रत्नागिरी-सिंधुदुर्गासह राज्यभर गेली आणि आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. योजनेत शस्त्रक्रियेचे पॅकेज, म्हणजे रुग्णालयाला मिळायची एकूण रक्कम, ठरलेले असते आणि त्यातच सगळे साहित्य बसवायचे असते. चिठ्ठी बाहेर देता येत नाही. ज्या रुग्णालयाला टाकाऊ ट्रोकार फुकटात पडत होता, त्याच्याच पॅकेजमधून आता त्याची किंमत जाते. परिणामी पुन्हा वापरायच्या धातूच्या ट्रोकारची किंमत किती केसेसमध्ये वसूल होते, हे मोजण्याची गरज भासू लागली. आणि त्याच दडपणाखाली ‘एकदाच वापरा’ असा शिक्का असलेली वस्तू धुऊन पुन्हा वापरण्याचा मोहही वाढला. धातूच्या ट्रोकारसाठी धुण्याची आणि वाफेची पद्धत ठरलेली आहे, टाकाऊ ट्रोकारच्या प्लॅस्टिकच्या झडपेसाठी अशी पद्धत उत्पादकाने दिलेलीच नसते.