मॉडेल रेल्वेच्या डब्यातला दिवा: वीज चाकातून छतापर्यंत कशी आली

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात मॉडेल रेल्वेची हौस असलेल्यांच्या खऱ्या अडचणी इंजिन चालवण्यापेक्षा डबे उजळण्यात असतात. दिवा लागतो, पण लुकलुकतो. स्टेशनात गाडी थांबली की विझतो. नाहीतर इतका भगभगीत पेटतो की डब्याच्या भिंतीतूनच उजेड बाहेर येतो. यातली लुकलुक खऱ्या रेल्वेलाही चुकली नव्हती. चाकाकडून वीज येईनाशी झाली की दिव्याला ती कोण देणार, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही आहे.

सुरुवातीला डब्यांत तेलाचे दिवे होते, नंतर टाकीत दाबून भरलेला पिंच गॅस आला. 1881 मध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका आलिशान पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले, तेही फक्त बॅटरीवर. बॅटरी उतरली की ती काढून चार्ज करायची. यावर तोड निघाली ती 1890 च्या दशकात. ब्रिटनच्या स्टोन कंपनीने डब्याच्या आसावर पट्टा चढवून डायनॅमो फिरवला आणि जोडीला बॅटरी ठेवली. डायनॅमो असा टांगलेला असे, की ठरावीक वेगापुढे पट्टा घसरायचा. त्यामुळे गाडी कितीही धावली तरी डायनॅमोचा वेग आणि वीज मर्यादेतच राही. वेग मंदावला की बॅटरी भार उचलायची. भारतात याच तत्त्वावर आधी 24 व्होल्टची आणि पुढे 110 व्होल्ट डीसीची व्यवस्था रुळली.

इगतपुरी-भुसावळ मार्गावर डोक्यावर 25,000 व्होल्टची तार आली, तरी डब्यातला दिवा आसावरच्या पट्ट्यावर आणि बॅटरीवरच चालत राहिला. जर्मन बनावटीच्या नव्या एलएचबी डब्यांबरोबर पॉवर कारमधून, म्हणजे जनरेटरच्या डब्यातून, 750 व्होल्टचा तीन फेज पुरवठा आला. इंजिनच तारेतून वीज घेऊन डब्यांना देऊ लागले, ते त्याच्याही नंतर.

मॉडेलची कहाणी वेगळ्या टोकाकडून सुरू होते. जर्मनीच्या मेर्कलिन या खेळणी कंपनीने 1891 मध्ये रुळांच्या रुंदीची मापे ठरवली, तेव्हा बहुतेक गाड्या चावीच्या होत्या. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा काही संचांत घरातल्या विजेच्या वाटेत एक दिवा रोधक म्हणून जोडलेला असे. ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीचा 1925 चा मेट्रोपॉलिटन संच याच जातीचा. मुलांच्या हाताखालच्या रुळांत असा पुरवठा असणे जीवघेणे होते. ट्रान्सफॉर्मरवर चालणारे कमी व्होल्टचे संच पुढे सर्वत्र झाले, ते यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन रुळांची 12 व्होल्ट डीसी पद्धत पसरली आणि डब्यात गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब बसू लागले. असा एक बल्ब साधारण 50 मिलिअँपिअर खातो. सहा डब्यांत प्रत्येकी दोन धरले तरी 600 मिलिअँपिअर झाले, आणि गाडीचा वेग ठरवणारा छोटा कंट्रोलर देतो जेमतेम 1 अँपिअर. दिवे लागले की गाडी मंदावायची. प्रत्येक बल्बमागे 0.6 वॅट, म्हणजे जवळपास सगळी उष्णताच. प्लास्टिकचे छत त्याने मऊ पडे. शिवाय वेग आणि उजेड एकाच व्होल्टेजवर अवलंबून असल्याने, प्लॅटफॉर्मवर उभ्या गाडीत नेमका अंधार.

दोन गोष्टींनी हे बदलले. पहिली एलईडी. लाल एलईडी 1962 पासून होती, पण पांढऱ्या उजेडासाठी आधी निळी हवी होती. ती 1990 च्या दशकात जपानमध्ये साधली आणि त्या कामाला 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरी डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल). जर्मनीच्या लेंझची ही पद्धत अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संस्थेने 1994 च्या सुमारास मानक म्हणून स्वीकारली. रुळांत सतत 14-16 व्होल्ट असतात आणि वेगाचा हुकूम त्यातूनच जातो, म्हणून उभ्या गाडीतही दिवा लागतो.

आजची जोडणी याच वाटेने आली आहे. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या जुन्या धाटणीच्या डब्याची लांबी 21.3 मीटर, म्हणजे 1:87 च्या मापाला (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला) सुमारे 245 मिमी. त्यात 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीचे 5 सेंमीचे चार तुकडे बसतात. प्रत्येकात तीन एलईडी आणि 150 ओहमचा रेझिस्टर. रुळांतून आलेली वीज आधी ब्रिज रेक्टिफायरमधून (कोणत्याही दिशेची वीज एकाच दिशेला वळवणारे चार डायोड) न्यावी, म्हणजे डबा उलटा ठेवला तरी बिघडत नाही. 15 व्होल्टमधले 1.4 तिथे जातात. उरलेल्या 13.6 वर पट्टी थेट जोडली तर उजेड डोळ्यांत खुपतो. मध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर घातला की अख्खा डबा सुमारे 5 मिलिअँपिअरवर येतो आणि उजेड खरा वाटतो.

लुकलुकीवर उपाय कॅपॅसिटर. तो 470 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा घ्यावा. डीसीसीवर 16 व्होल्टचा काठावर राहतो. स्टोनच्या डब्यातली बॅटरी जे करायची तेच काम तो अर्धा सेकंद करतो आणि रूळ बदलायच्या काट्यावर जिथे चाकाला वीज मिळत नाही, ती मृत जागा निघून जाते. मात्र दहा डबे एकदम जोडले की 4,700 मायक्रोफॅरड रिकामे उभे असतात. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरला ते शॉर्टसर्किट वाटते आणि तो ट्रिप होतो. म्हणून प्रत्येक कॅपॅसिटरच्या वाटेत 100 ओहम घालून त्याला समांतर 1एन4148 डायोड ठेवावा: भरताना वीज रेझिस्टरमधून, निघताना डायोडमधून. कॅपॅसिटर संडासात बसवावा, दुधी काचेमुळे तो दिसत नाही.

सगळ्यात जास्त बिघडते ते चाकापाशी. चाके धातूची हवीत. फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या पाठीवर घासण्यापेक्षा आसावर घासलेली बरी, ओढ कमी पडते. दाब जास्त झाला की चाक फिरण्याऐवजी घसटते आणि इंजिनाला सहा डबेही जड होतात. पट्टी बसवल्यावरही डबा 1:50 च्या उतारावर आपणहून सुटला पाहिजे. खान्देशात काळ्या मातीची धूळ रुळांवर बसते आणि कापसाच्या हंगामात तंतू आसांना गुंडाळतात. ते चिमट्याने काढावेत आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत एलईडी पट्टीचा गोंद सुटतो, तिथे न्यूट्रल सिलिकॉन वापरावे.

रंग काळानुसार ठरवावा. जुन्या डब्याला 2,700-3,000 केल्विनचा पिवळसर उजेड, ट्यूबलाइटच्या काळाला पांढरा. रात्रीच्या स्लीपरला एकच मंद निळा. भिंतींना आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला तर उजेड बाहेर गळत नाही.

पाचोरा-जामनेरची 762 मिमी रुळांची अरुंद गाडी ‘पीजे’ करायची तर 1:87 ला रूळ 8.76 मिमी येतात, म्हणून 9 मिमीचे एन गेज रूळ चालतात. अरुंद डब्यात 470 चा कॅपॅसिटर मावत नाही. तिथे तीन बारीक एलईडी, 100 मायक्रोफॅरड आणि 4.7 किलोओहम ठेवले, तर खर्च दीड मिलिअँपिअरच्या आत राहतो आणि उजेड टिकण्याचा वेळही मोठ्या डब्याइतकाच मिळतो.