मार्का, बोर्ड, लोगो : कोकणातल्या धंद्यांच्या खुणेची पार्श्वभूमी

‘देवगड हापूस’ असं ठसठशीत छापलेला पुठ्ठ्याचा रिकामा बॉक्स कुणालाही विकत मिळतो. त्यात आंबा कुठला भरायचा, हे घेणाऱ्याने ठरवायचं. कर्नाटकातला आंबा असल्या बॉक्सांतून मुंबई-पुण्यात खपतो ही तक्रार जुनी आहे आणि दर हंगामात नव्याने होते. त्या बॉक्सवर फळाचं नाव असतं, तालुक्याचं असतं, आंबा पिकवणाऱ्याचं नसतं. कोकणातले काही धंदे आपली खूण जाणकाराकडून काढून का घेऊ लागले आणि बरेचसे अजून का घेत नाहीत, ते समजायला या कोऱ्या जागेपासून मागे जावं लागतं.

लाकडी पेटीच्या काळात ती जागा कोरी नसे. फळीवर काळ्या रंगात बागायतदाराचा मार्का असे. मुंबईच्या अडत्याने माणूस कदाचित कधी पाहिलेलाही नसे, पण मार्का त्याच्या ओळखीचा असायचा. मार्का पत्र्याच्या साच्यातून उमटवत आणि देवनागरीचं पत्र्याशी जमत नाही. ‘व’ किंवा ‘ब’ कापला की पोटातला तुकडा गळून पडतो, शिरोरेघ सलग कापली तर पत्राच लोंबतो. मग मध्येमध्ये जोड सोडायचे, शिरोरेघ तोडायची, किंवा ही कटकटच नको म्हणून त्रिकोण, चांदणी, गोलातलं एखादं अक्षर घ्यायचं. खूण साधी असे ती पत्र्यामुळे. तरी घाईत, दुरून, खरबरीत फळीवरही ती चुकायची नाही.

पेंटरांचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो मी गिऱ्हाईक म्हणूनच पाहिला. दुकानाची पाटी, होडीचं नाव, रिक्षाची पाठ, यात्रेतल्या नाटकाचा बोर्ड, सगळं एकाच हाताचं. अक्षराला सावली द्यायची की दुहेरी कड, ते पेंटरच ठरवी आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव घाली. काम कुणाचं हे पाटीवरच लिहिलेलं असायचं. पुढच्या काळात हे अगदी उलट झालं.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. घरगुती खानावळीचं हॉटेल झालं, रिकाम्या खोल्यांचा होम-स्टे, कोकमाच्या आगळाला, म्हणजे खारवलेल्या रसाला, बाटली आणि लेबल. गिऱ्हाईक आता गावातलं राहिलं नाही. नेमक्या त्याच सुमारास तालुक्याच्या गावी डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला देणारी, दुकानं निघाली. मी अशाच एका दुकानात बसायचो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

धंदा सुरू करणारा आधी आमच्याकडे व्हिजिटिंग कार्डं छापायला यायचा. हजार कार्डांची ऑर्डर दिली की लोगो फुकट. ही सवय आम्हीच लावली. लोगो म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या क्लिपआर्टमधला, म्हणजे तयार चित्रांतला, माड, त्यामागे मावळता सूर्य, खाली दोन लाटा आणि श्रीलिपी या फाँटसंचातलं एखादं जाड अक्षर. एकच माड मी तीन गिऱ्हाइकांना दिलाय: एक हॉटेल, एक सरबतवाले आणि एक काजूवाले. तिघांचे बोर्ड पुढे एकाच हमरस्त्यावर आले. काजूवाल्यांनी येऊन विचारलं, “आमचो माड त्येंच्या बाटलीवर कसो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माड त्यांचाही नव्हता आणि माझाही नव्हता.

दुसरा घोळ फाईलचा. फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की नावाच्या जागी कचरा अक्षरं यायची. म्हणून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून, द्यायची. मग ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तर ते तसंच कायमचं. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून त्यावरून छपाईची जाळी (स्क्रीन) बनवली की लाटेची बारीक रेघ उडायची किंवा शाईने भरायची. दोन रंग असले तर एक हमखास अर्धा मिलिमीटर सरकलेला. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नसू. त्याला मिळायची छापलेली कार्डं, मूळ फाईल आमच्या मशीनवर. मशीनची हार्ड डिस्क गेली की लोगोही गेला, मग जुनं कार्ड स्कॅन करून दहा फुटी फ्लेक्सवर ताणायचं आणि चित्र फाटलं की फ्लेक्सवाल्याला बोल लावायचा.

कागदावर मात्र या काळात बरंच बदलत होतं. १९९९ सालचे ट्रेडमार्कचा आणि भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे जीआयचा, असे दोन कायदे एकाच दिवशी, १५ सप्टेंबर २००३ ला अमलात आले. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ कोकणातल्या धंद्याला सगळ्यात जास्त लागू पडतं आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण सांगणाऱ्या नुसत्या शब्दावर सहसा मक्ता मिळत नाही. आता किनाऱ्यावरच्या पाट्या वाचत जा: कोकण, मालवणी, सागर, हापूस, घरगुती, अस्सल. यातलं काय कुणा एकाचं होणार? वर्षानुवर्षांच्या वापराने एखादा शब्द एकाच धंद्याशी जोडला गेल्याचं सिद्ध करता येतं, पण नव्या धंद्याला तो रस्ता नाही. नाव सगळ्यांचं असलं की आपलं म्हणण्यासारखी उरते ती ते काढायची रीत. आणि तीच आम्ही कार्डांवर फुकट वाटत होतो.

ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गवार असते. लोणचं आणि पल्प २९ मध्ये, मसाला ३० मध्ये, ताजा आंबा ३१ मध्ये, सरबत ३२ मध्ये, खानावळ आणि राहण्याच्या खोल्या ४३ मध्ये. एकाच अंगणात मसाला, सरबत आणि दोन खोल्या चालवणाऱ्या वहिनींना तीन वर्ग लागतात. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे दर वर्गाला ४,५०० रुपये. आधी खूण धड काढून घ्यावी आणि मग अर्ज करावा, एवढं साधं गणित इथे आहे. नोंदणी नसताना गोलातला ‘आर’ छापणं तर बेकायदा आहे, आणि तो आम्ही शोभेसाठी किती जणांना लावून दिला याची मोजदाद नको.

हक्काचा मुद्दा याहून अवघड. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा असतो. नोकरीत असताना काढलं तर मालक धनी. पण बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लोगो काढून घेतला म्हणजे आपोआप हक्कही आला, असं धरून चालता येत नाही. त्यासाठी लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आखातात पल्प पाठवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. व्यावसायिक डिझायनर घ्यावा म्हणतात तेव्हा सगळे चित्राच्या देखणेपणावर बोलतात. मला विचाराल तर पैसे या कागदाचे आणि मूळ फाईलचे आहेत. देखणं चित्र पुतण्यासुद्धा काढून देतो.

आता ‘लोगो’ या शब्दाकडे येऊ, कारण २०१८ पासून सगळा गुंता त्याच्याभोवती आहे. त्या वर्षी हापूसला जीआय मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. एकच नाव सगळ्यांना की रत्नागिरी आणि देवगडला आपापलं वेगळं, यावर आधी बरीच वर्षं वाद चालला. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलंय. देवगडवाल्यांच्या तक्रारीत मला तथ्य वाटतं. निकाल लागला तो एकाच नावाच्या बाजूने.

लगेच बागायतदार म्हणू लागले, ‘जीआयचा लोगो मिळाला, आता वेगळा लोगो कशाला?’ एका शब्दात इथे चार वस्तू कोंबल्या आहेत. जीआय हे प्रदेशाचं. ते विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि बागायतदाराला त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ट्रेडमार्क हा एका धंद्याचा. तो विकता येतो, मुलाच्या नावावर करता येतो. अन्नसुरक्षेच्या परवान्याचं चिन्ह आणि क्रमांक ही सरकारची अट, ती ओळख नव्हे. आणि चौथा, ज्याला खरं म्हणजे लोगो म्हणायचं, ते या बागेचं, या घराचं चित्र. जुन्या माणसांकडे यासाठी वेगवेगळे शब्द होते. अडत्याकडे मार्का, निवडणुकीत निशाणी, कचेरीत शिक्का, सरकारी कार्यक्रमाला बोधचिन्ह. ‘लोगो’ आला आणि सगळे एका डब्यात गेले. म्हणूनच बॉक्सवर आज तीन-तीन चिन्हं दाटीने असतात आणि मालकाला वाटतं आपला लोगो झाला. जीआयने आंबा हापूस असल्याचं कळतं. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाने फोन कुणाला करायचा, ते जीआयला सांगता येत नाही.

२०२२ मध्ये आणखी एक भर पडली. राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही अशी अट आली, दारू मिळणाऱ्या ठिकाणांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी झाली. या किनाऱ्यावर, जिथे दर दहा मैलांवर एक दुर्ग आहे, तिथे ही शेवटची अट बऱ्याच जणांना नडली असणार. पर्यटकांसाठी फक्त रोमन लिपीत काढलेल्या लोगोंची पंचाईत झाली. वर मिळेल त्या फाँटात मराठी नाव, खाली जुना लोगो, दोघांची ओळखदेख नाही. दोन्ही लिप्या एकत्र बसवून अक्षर काढणं हे वेगळं कसब आहे. ते जाणणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत, हल्ली रत्नागिरी-कुडाळातही दिसू लागली आहेत.

मोबाइलवरच्या तयार टेम्प्लेटांनी आमच्या क्लिपआर्टची जागा घेतली आहे. तोच माड, तोच सूर्य, रंग तेवढे बरे. तयार टेम्प्लेटचा वापर परवान्यावर असतो आणि तो परवाना हजारोंना दिलेला असतो, त्यामुळे त्यावर एकट्याचा हक्क सांगणं कठीण. एआयकडून काढून घेतलेल्या चित्रात जोडाक्षरं अजून फसतात. परवा एका होम-स्टेच्या चित्रात ‘स्वागत’ मधला ‘स्व’ ‘ख’ झालेला पाहिला.

देवगडात २०२५ च्या हंगामात फळावर लावायचे क्रमांकाचे स्टिकर आले. क्रमांकावरून आंब्याचं मूळ तपासता येतं. ओळखीच्या एका बागायतदाराने त्याच आठवड्यात वडिलांच्या वेळचा पत्र्याचा साचा माळ्यावरून काढला, गंजलेला, गोलातलं एक अक्षर, आणि फोटो काढून कुडाळच्या डिझायनरला पाठवला. तिने उलट विचारलं, “काका, हे काढलं कुणी? त्यांची परवानगी लागेल का?” साचा कापणारा लोहार कधीच गेला. काकांनी तसं कळवलं. आता बॉक्सच्या फ्लॅपवर ते अक्षर कितपत मोठं घ्यायचं, यावर दोघांची घासाघीस चालू आहे.