डोळ्यातलं ०.१ मिलि

"डॉक्टर, जरा हेवी डोस द्या, लवकर मोकळं करा." सोलापुरात कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर हे ऐकू येतं. डोळ्याच्या बाबतीत ही मागणी थेट आंधळं करू शकते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर क्वचित एखाद्याच्या डोळ्यात जंतू शिरतात आणि आत पू होतो. मग नातेवाईक विचारतात, सलाईनमधून औषध द्या की, डोळ्यात सुई कशाला? पण डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातलं बरंचसं अँटिबायोटिक आत झिरपतच नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या ४२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्यात इंजेक्शन सगळ्यांनाच दिलं होतं. काहींना शिवाय शिरेतूनही अँटिबायोटिक दिली. त्यांची नजर काही जास्त सुधारली नाही.

म्हणून सुई डोळ्यातच, आणि औषध फक्त ०.१ मिलि.

आता जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा हिशेब बघा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या २ मिलिच्या अँप्यूलमध्ये ८० मिग्रॅ औषध असतं, म्हणजे ०.१ मिलित ४ मिग्रॅ. डोळ्यासाठी ठरलेला डोस ०.१ ते ०.२ मिग्रॅ. पातळ करायचं राहिलं, तर डोस वीस ते चाळीस पट. डोळ्यातला जेलीसारखा द्रव जेमतेम ४ मिलि, तेव्हा तिथे दर मिलिला १ मिग्रॅ औषध होतं. रक्तात याच औषधाची पातळी याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात.

पेशीत नेमकं काय बिघडतं, ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. जेंटामायसिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि पेशीच्या पटलांमधल्या काही फॉस्फोलिपिडांवर, म्हणजे एक प्रकारच्या मेदावर, ऋण. रेणू त्यांना चिकटतो आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमध्ये, साठत जातो. तिथे फॉस्फोलिपिड तोडणारी विकरं अडतात. न पचलेल्या मेदाचे थरावर थर बसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते आपल्या मार्केट यार्डातल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसतात. पडद्यामागच्या रंगीत पेशींमध्ये हे घडतं. मोठ्या डोसाने पडद्याच्या केशवाहिन्याही बंद पडतात. मग मध्यबिंदू, म्हणजे मॅक्युला, पांढराफटक होतो आणि त्यावर रक्ताचे ठिपके उमटतात. तिथली गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

नेमका मॅक्युलाच का? रुग्ण उताणा झोपलेला असतो तेव्हा डोळ्याची मागची बाजू तळाला येते आणि औषध तिथेच बसतं.

जेंटामायसिनच्याच कुळातलं अमिकॅसिन ०.४ मिग्रॅला तुलनेने सौम्य, तरी त्यानेही काही डोळे गेले. म्हणून आता बहुतेक ठिकाणी व्हँकोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिग्रॅ ही अँटिबायोटिकांची जोडी. व्हँकोमायसिनची ५०० मिग्रॅची बाटली १० मिलि सलाईनमध्ये विरघळवायची, त्यातलं १ मिलि घेऊन आणखी ४ मिलि सलाईन मिसळायचं, मग ०.१ मिलित बरोबर १ मिग्रॅ येतं. सिरिंजवर लेबल, आणि हिशेब दुसऱ्या माणसाकडून तपासून.

एवढी काटेकोर मोजणी इथे चालते, आणि घरी मात्र "नैसर्गिक आहे" म्हणून ऑपरेशनच्या डोळ्यात मध नाहीतर एरंडेल घालणारे महाभाग आहेतच. त्याला ना मोजमाप, ना ते निर्जंतुक.

व्हँकोमायसिनही अगदी निर्धोक नाही. जंतू नसताना, नुसती खबरदारी म्हणून ऑपरेशनच्या शेवटी ते डोळ्यात सोडलेल्या काही रुग्णांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या काही दिवसांनी सुजून बंद पडल्या, रक्तस्राव झाला. डोस बरोबर होता. ही प्रतिकारशक्तीची उलटी प्रतिक्रिया असावी असं मानतात. तेव्हापासून खबरदारीसाठी ते वापरताना बरेच सर्जन कचरतात. पू झालेल्या डोळ्यात मात्र ते आजही देतात.