पार्श्वभूमी: एकच अमिगा, दोन प्रणाली आणि घड्याळाचा तिढा

१९८५ च्या अमिगा १००० या कमोडोर कंपनीच्या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. यंत्र सुरू झाले की बूट डिस्कवरची शेवटची तारीख उचलायची आणि तिथून पुढे मोजायचे, एवढेच. पुढच्या ए५०० (अमिगा ५००) ला घड्याळ मिळे ते ए५०१ या मेमरी-विस्तारासोबत. ए२००० मध्ये ते बोर्डावरच आले. स्टार्टअप फाइलमधली ‘सेटक्लॉक लोड’ ही ओळ घड्याळाच्या चिपमधली वेळ अमिगाओएस या अमिगाच्या प्रणालीला देत असे.

ए२००० मध्ये ब्रिजबोर्ड, म्हणजे पीसीचा प्रोसेसर असलेले कार्ड, बसवला की त्याच डब्यात डॉस ही पीसीची प्रणालीही चालू लागे. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत, पण प्रत्येकीचे मोजमाप वेगळे. डॉस सेकंदाला सुमारे १८.२ टिक मोजतो आणि फाइलवर दोन सेकंदांच्या पटीत वेळ लिहितो. अमिगा सेकंदाचे ५० भाग करतो. सुरुवातीला वेळ जुळवली तरी पुढे दोघे आपापल्या चालीने जातात. हा फरक मात्र किरकोळच म्हणायचा.

खरा तिढा नव्वदच्या दशकात पडला, नेटबीएसडी आणि लिनक्स या युनिक्स पठडीतल्या प्रणाली अमिगावर आल्या तेव्हा. चिपमध्ये फक्त आकडे असतात. ते स्थानिक वेळेचे की यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे, भारताच्या साडेपाच तास मागे), याची नोंद कुठेच नसते. अमिगाओएस ते स्थानिक मानते, युनिक्सची रीत यूटीसीची. भारतात याचा परिणाम लगेच दिसतो. चिपमध्ये सकाळचे १० असतील तर लिनक्स दुपारचे साडेतीन दाखवते. ते दुरुस्त केले की बंद होताना लिनक्स चिपमध्ये यूटीसी, म्हणजे ४:३० लिहून ठेवते. पुढच्या वेळी अमिगाओएस पहाटेचे साडेचार दाखवते. तिथे पुन्हा दुरुस्ती करा, की लिनक्स परत साडेपाच तास पुढे. अशा पुढच्या वेळेची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेली) डिस्कवर राहिली, की फाइलींच्या वेळा पाहून काय कंपाइल करायचे ते ठरवणारे ‘मेक’ नंतर बदललेला सोर्सही जुनाच समजते आणि कंपाइल करायचे टाळते.

चिप यूटीसीवरच ठेवावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा उन्हाळी वेळेचा, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याचा होता: युरोप-अमेरिकेत चिप स्थानिक ठेवली आणि दोन्ही प्रणालींत एकेक तास सरकवला, तर घड्याळ दोनदा हलते. मुद्दा खराच आहे. पण यंत्र मुळात अमिगाचे, आणि १९९२ च्या २.१ आवृत्तीपर्यंत त्याच्या प्रणालीत टाइमझोनची सोयच नव्हती. नंतर आलेल्या प्रणालीला ‘चिप स्थानिक वेळेवर आहे’ असे एका सेटिंगने सांगता येते. तेव्हा जुळवून तिनेच घ्यायला हवे होते. यूटीसीचा आग्रह धरून जुन्या प्रणालीलाच चुकीचे ठरवणे अन्यायाचे होते.

आता अनेक बोर्डांवर ती चिप चालत नाही. ए२०००, ए५०० प्लस, ए३००० आणि ए४००० मधल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळून बोर्डावरचे आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतात. म्हणून त्या काढणे हे पहिले काम. मग वेळ नेटवर्कवरून घेतात, प्रत्येक प्रणाली स्वतंत्रपणे.

डिस्कवरच्या तारखा मात्र तशाच आहेत. अमिगाची गणना १ जानेवारी १९७८ पासून, युनिक्सची १९७० पासून. लिनक्समधला अमिगा डिस्कचा ड्रायव्हर म्हणूनच प्रत्येक तारखेत २,९२२ दिवस मिळवतो आणि त्यावर कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगितलेल्या टाइमझोनचा फरकही लावतो. तो टाइमझोन चुकीचा दिला असेल, तर घड्याळे जुळूनही फाइलींच्या वेळा जुळत नाहीत.